डू, डिड आणि व्हय

आमच्या घरातलं इंग्रजी नेमकं कुठे अडलं, ती जागा मी बोट ठेवून दाखवू शकतो. शाळेच्या डायरीत, सप्टेंबर महिन्याच्या पानावर, लाल शाईने लिहिलेली एक ओळ होती. ती सूनबाईने वाचली, मुलाने वाचली, आणि मग दोघांनी एकमेकांकडे बघून डायरी पिठाच्या डब्यावर ठेवून दिली. दोघांचीही कामावर जायची वेळ झाली होती. मुलगा जोतिराम अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात असतो आणि सूनबाई राजनंदिनी तिथेच पॅकिंगला. घरात उरलो मी, माझी बायको तानाबाई आणि ती डायरी.

मी एकेक अक्षर जोडत ती ओळ वाचली. मराठी अक्षरं मला बावन्नाव्या वर्षी आली आणि इंग्रजी त्यानंतर चार वर्षांनी. त्यामुळे मला वाचायला वेळ लागतो, पण एकदा वाचलेलं मी सहसा विसरत नाही. ओळीचा अर्थ असा होता : संस्कृती वर्गात प्रश्न विचारत नाही.

संस्कृती म्हणजे माझी नात. वय नऊ, इयत्ता चौथी. ही मुलगी प्रश्न विचारत नाही असं गेल्या वर्षी मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला घर चुकलं म्हणून शेजारी पाठवलं असतं. शेळीला वरचे दात का नसतात, टॉवेलला एवढ्या कड्या कोण घालतं, चिंच झाडावरच आंबट होते की घरी आणल्यावर, असे प्रश्न ती सकाळी दात घासताना सुरू करायची आणि रात्री डोळा लागेपर्यंत पुरवायची. डायरी वाचल्यावर माझ्या ध्यानात आलं की गेले दोन महिने घरात हा आवाजच नव्हता. जेवताना ती तोंड उघडायची, ओठ थोडे हलायचे, आणि मग काही न बोलता भाकरीचा तुकडा आत जायचा. आम्हाला वाटलं, पोरगी शहाणी झाली. घरातल्या शांततेला आपण फार लवकर शहाणपण म्हणतो.

संध्याकाळी जोतिरामने तिला विचारलं, "काय गं, प्रश्न का इचारत न्हाईस?"

"येत न्हाय."

"काय येत न्हाय?"

"डू," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

शाळेचा नियम असा की वर्गात बोलायचं ते इंग्रजीतच. शिवाय दर शुक्रवारी प्रत्येक मुलाने एक प्रश्न विचारायचा, तोही होय-नाहीवर भागणारा नाही, काहीतरी माहिती काढणारा. कोण, काय, कुठे, कधी, का आणि कसं. त्याला गुण होते. डायरीतल्या ओळीखाली बारीक अक्षरात असंही लिहिलं होतं की सुधारणा न झाल्यास पुढच्या वर्षी तिच्या वर्गाबाबत विचार करावा लागेल. आता माझ्या नातीचा वर्ग एका डूवर अडणार असेल, तर डू म्हणजे कोण हे घरातल्या रिकाम्या माणसाने बघायला हवं होतं. रिकामा माणूस मीच होतो.

सल्ल्यासाठी मी आधी सिद्रामप्पाकडे गेलो. सिद्रामप्पा आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. अक्कलकोटकडचा माणूस, घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि एस.टी.त चौतीस वर्षं कंडक्टर. त्याला कुठल्याही विषयावर मत मागावं लागत नाही. या वेळी मी मागितलं, त्यामुळे तो जरा गोंधळला.

"प्रश्न इचारायला व्याकरण कशाला लागतंय, तात्याबा?" तो म्हणाला. "मी चौतीस वर्षं एकच प्रश्न इचारला. कुटं? लोकांनी गाव सांगितलं, मी तिकीट फाडलं. कुणी म्हणलं न्हाय की तुमचं वाक्य अर्धं हाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सगळ्या गावांची तिकिटं फाडली बगा. फकस्त आमच्या वैनींच्या गावचं फाडाय मिळालं न्हाय."

हा त्याचा जुना विनोद आहे. तानाबाईचं माहेर टेंभुर्णीच्या पलीकडे, उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे. विनोद झाला की तो स्वतःच गप्प होतो आणि दुसरा विषय काढतो. या वेळी दुसरा विषय हाताशीच होता.

"आमच्या कन्नडात बगा," तो बोटं मोडत म्हणाला, "यारु, येनु, येल्लि, याक. सगळे य वरनं. तुमच्यात कोण, काय, कुटं, का. सगळे क वरनं. सायबाचे डब्ल्यू वरनं. एकेका घराण्याचं एकेक अक्षर असतंय."

"मंग हाऊ कसा काय ह वरनं आला?" मी विचारलं.

हे त्याला माहीत नव्हतं. पण आत शेंगाचटणी कुटत असलेल्या काशम्माने, म्हणजे त्याच्या बायकोने, तिथूनच उत्तर दिलं, "आमच्यात बी ह्यांग हाय की. त्यो बी ह वरनंच. घरजावई असंल."

मी हे घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. आजवर मला कुणी याहून बरं कारण सांगितलेलं नाही.

डूचा पत्ता मात्र काही लागला नाही. तेव्हा राजनंदिनीने मला एका इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासचं नाव सांगितलं. झेरॉक्सच्या दुकानावर माडी, माडीवर पंधरा खुर्च्या, आणि शिकवणारा गुरु नावाचा तिशीतला गृहस्थ. त्याचं नावच गुरु असल्याने त्याला गुरु सर म्हणताना आपण दोनदा नमस्कार केल्यासारखं वाटतं.

प्रवेश घेणं सोपं नव्हतं. फॉर्म संगणकात भरायचा होता. टेबलावरच्या मुलीने शाळा सोडल्याचा दाखला मागितला. मी म्हणालो, शाळा सोडायला आधी धरावी लागते. तिने हे उत्तर संगणकात भरायचा प्रयत्न केला, ते बसलं नाही. मी पिशवीतून कारखान्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या साक्षरता वर्गाचं प्रमाणपत्र काढलं. ते तिने उलटंसुलटं बघितलं आणि आदराने परत दिलं. मग जन्मसाल आलं. संगणकातली सालं एकोणीसशे सत्तरला संपत होती. त्याच्या आधी कुणी जन्माला आला असेल आणि त्याला अजून इंग्रजी शिकायचं असेल, अशी कल्पना तो फॉर्म बनवणाऱ्याला आली नसावी. शेवटी तिने मला सत्तर साली जन्माला घातलं. घरी आल्यावर मी तानाबाईला सांगितलं की कागदावर मी आता तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकटा आहे.

"मंग आता मला अहोजाहो करा," ती म्हणाली आणि तूर निवडत राहिली.

फॉर्ममध्ये पालकाचा फोन नंबर हवा होता, म्हणून मी जोतिरामचा दिला होता. तिसऱ्या दिवशी माझी कंबर धरली आणि मी क्लासला गेलो नाही. दुपारी जोतिरामला मागावर उभ्या उभ्या निरोप आला : आपला पाल्य तात्याबा आज गैरहजर आहे, कृपया कारण कळवावे. त्याने तो शेजारच्या मागवाल्याला दाखवला, त्याने पुढच्याला, आणि शिफ्ट सुटेपर्यंत मी जिथे चाळीस वर्षं काम केलं त्या सगळ्या खात्याला माझी गैरहजेरी समजली. त्या आठवड्यात एमआयडीसीकडून सायकलवर येणारा प्रत्येक जण आमच्या दारात पाय टेकून विचारत होता, "काय पाल्य, बरं हाय का आता?" मी मान हलवत होतो. माणसाने आपला मान कुठे कुठे म्हणून राखावा?

गुरु सर मात्र शिकवायला चांगले. त्यांनी फळ्यावर लिहिलं की सिद्रामप्पा टेंभुर्णीला गेला. उदाहरणासाठी नाव मीच सुचवलं होतं. मग म्हणाले, "समजा तो कुठे गेला ते तुम्हाला ठाऊक नाही. टेंभुर्णीला पुसा. मराठीत त्याच जागी कुठे येऊन बसतं, बाकी कुणी हलत नाही. इंग्रजीत तसं नाही. तिथे व्हेअरला उचलून पहिल्या बाकावर बसवायचं आणि त्याच्या पाठोपाठ डूला आणायचं."

"डूचं काम काय?" मी विचारलं.

"काम काही नाही. मदतीला असतो."

हे मला पटलं नाही. काम नसलेला माणूस मदतीला कोण ठेवील? मी रात्रभर विचार केला आणि सकाळी माझ्यापुरतं उत्तर मिळालं. डू हा गडी आहे. वाक्यात जे घडून गेलं त्या काळाचं ओझं आधी क्रियापदाच्या डोक्यावर असतं, म्हणून गो वाकून वेंट होतो. प्रश्न विचारायचा झाला की डू पुढे येतो, ते ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतो आणि डिड होतो. गो परत सरळ उभा राहतो. व्हेअर डिड सिद्रामप्पा गो. दोघांनी एकच ओझं उचलायचं नसतं. फक्त कोण आलं असं विचारताना डू येत नाही, आणि तेही बरोबर आहे. घरात माणूसच कोण आहे हे ठाऊक नसेल तर गडी कुणाकडे कामाला येणार?

मी हे वर्गात सांगितलं. गुरु सरांनी ते वहीत उतरवून घेतलं. मला अभिमान वाटला, पण तो हजेरीपर्यंतच टिकला. हजेरीला येस म्हणायचं असे आणि माझ्या तोंडून दर वेळी व्हय निघे. गुरु सर म्हणायचे, "आबा, जरा दबलात की तुमचं येस पळून जातं." ते खरं होतं. मागांच्या खडखडाटात मोठं बोलणं कुणालाच ऐकू जात नाही. मालक आला, मागांवर देखरेख करणारा जॉबर आला, मुनीम आला, कुणी काही म्हणालं की मान खाली घालायची आणि व्हय म्हणायचं. एवढा एक शब्द ओठांवरूनही कळतो. चाळीस वर्षांनी तो जिभेला चिकटून बसला होता.

सराव हवा म्हणून मी दिसेल त्याला इंग्रजीत प्रश्न विचारू लागलो. दूधवाल्याला कुठे राहतोस, पेपरवाल्याला कधी उठतोस. ते हसून मराठीत उत्तर देत आणि सायकल पुढे काढत. त्यातच पाण्याचा प्रसंग घडला. आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी पाणी येतं आणि त्या पंधरवड्यात तेही आलं नव्हतं. सिद्रामप्पाने चार ठिकाणी अर्ज करून, सहा वेळा फोन करून लाइन बघायला एक माणूस बोलावला. तो माणूस नेमका माझ्या दारात पोचला. पाना हातात, घामाघूम. मी डूला पुढे केलं, काळाचं ओझं त्याच्या डोक्यावर दिलं आणि एकही चूक न करता विचारलं, "व्हाय डिड यू कम?"

त्याला इंग्रजी पुरतं येत होतं. तो म्हणाला, "का आलो म्हंजे? नको असंल तर जातो की." आणि गेला. मी मागे धावलो, पण मराठीत समजूत घालायला मला शब्द सापडेपर्यंत तो गल्लीच्या टोकाला पोचला होता.

गल्ली जमली. कुणी ओरडलं नाही, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं. सिद्रामप्पाने माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाला, "आता गल्लीनं तुमच्या व्याकरणानं अंघोळ करायची का?" काशम्माने तिच्या पिंपातल्या दोन कळशा आमच्या घरी पाठवल्या. ते मला जास्त लागलं.

एवढं सगळं करून घरी काही फरक नव्हता. मी संस्कृतीला विचारायचो, "व्हॉट डिड यू ईट?" ती म्हणायची, "भाकरी." मी विचारायचो, "व्हेअर डिड यू प्ले?" ती म्हणायची, "अंगणात." माझे प्रश्न दिवसेंदिवस बिनचूक होत होते आणि तिचा एकही येत नव्हता. मी डूला गडी म्हणून कसं वागवायचं तेही तिला सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. तिला सगळं कळलं होतं हे तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. तरी ओठ हलले आणि मिटले. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की पोरीचं अडलंय ते डूवर नसावं.

ऑक्टोबरात शाळेतून बोलावणं आलं. भेट मोबाइलवरून ठरवायची होती. तिथे भेटीचं कारण निवडायला चारच जागा होत्या : फी, बस, गणवेश, इतर. माझी नात इतरमध्ये गेली. पालकांना रजा नव्हती, म्हणून कोण येणार या रकान्यात जोतिरामने आजोबा लिहिलं. विद्यार्थ्याला सोबत आणावे, असंही होतं.

मी धोतर न नेसता पॅन्ट घातली. खिशात चिठ्ठी होती. तिच्यावर रात्री बसून, चार वेळा खोडून, मी एक प्रश्न लिहिला होता : व्हाय डज संस्कृती नॉट आस्क? गुरु सरांनी तो तपासून दिला होता.

मोठ्या मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका, परप्रांतातल्या. त्यांना मराठी समजत नाही, हे मला आधीच सांगून ठेवलं होतं. संस्कृतीला दाराबाहेरच्या बाकावर बसवलं, मी आत गेलो. मॅडम हळू आणि स्वच्छ इंग्रजी बोलत, त्यामुळे मला पुष्कळसं कळत होतं. खोलीत थंड हवा सोडली होती. समोर मोठं टेबल होतं. माझी मान आपोआप खाली गेली आणि येस पळून गेलं.

"तुम्ही संस्कृतीचे आजोबा?" मॅडमनी इंग्रजीत विचारलं.

"व्हय."

मॅडमनी समोरच्या मोबाइलकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मी एवढ्यासाठी विचारलं की मोबाइलवर तसं लिहून आलंय."

"व्हय," मी म्हणालो. जोतिरामनेच लिहिलं होतं.

"पालकांना रजा मिळाली नसेल, म्हणून लिहिलं असेल."

"व्हय."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या म्हणाल्या, इथे वर्गात फक्त इंग्रजी बोलायचा नियम आहे. मी व्हय म्हणालो. त्या म्हणाल्या, मुलांना सवय व्हावी म्हणून. मी व्हय म्हणालो. त्या म्हणाल्या, पुढे नोकरीत अडू नये म्हणून. मी मान आणखी खाली घालून व्हय म्हणालो. त्यांचा आवाज थोडा चढला. म्हणाल्या, उद्या कुणासमोर मान खाली घालावी लागू नये म्हणून. मी खाली मान घालून म्हणालो, "व्हय."

मॅडम पाणी प्यायल्या. मला वाटलं, आपण इतकं मान्य करतोय तर बाई खूश असाव्यात. पण त्यांचा चेहरा एखाद्या अवघड परीक्षेला बसलेल्या माणसासारखा झाला होता. त्यांनी बेल वाजवून वर्गशिक्षिकेला बोलावलं.

प्रियदर्शनी मिस आल्या. पंचविशीतल्या, मोहोळकडच्या. शाळेच्या फाटकाबाहेर माझ्याशी मराठीत बोलत, आत इंग्रजीत. मॅडम म्हणाल्या, "संस्कृती प्रश्न विचारत नाही, ही तुमची तक्रार आहे ना?"

मला वाटलं, माझ्याकडे बघून बोलल्या. मी दुःखाने म्हणालो, "व्हय."

मॅडमनी मिसकडे हात केला. "बघा. मी आल्यापासून बघतेय. हे गृहस्थ प्रत्येक गोष्टीला व्हाय विचारतात. त्यांना सांगा. व्हाय?"

प्रियदर्शनी मिसनी माझ्याकडे बघितलं, मग मॅडमकडे, मग परत माझ्याकडे. त्या मोहोळच्या. व्हय म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला आणि लगेच जागेवर आला. आणि त्याच क्षणी माझ्याही डोक्यात लख्ख पडलं. मी होय होय म्हणत होतो आणि टेबलाच्या पलीकडे ते का, का, का असं पोचत होतं. सगळ्या जन्मात मी कुठल्या टेबलासमोर एवढे प्रश्न विचारले नव्हते, आणि तेही मान खाली घालून.

खरं म्हणजे तेव्हाच खुलासा करायला हवा होता. येसही आता परत आलं होतं, जिभेच्या टोकावर उभं होतं. मी त्याला तिथेच उभं ठेवलं. मान वर केली, मिसकडे बघितलं आणि म्हणालो, "व्हय?"

प्रियदर्शनी मिस खाली बघत हळू आवाजात सांगू लागल्या. जुलैमध्ये धरणाचा धडा होता. धरण बांधलं, पाणी आलं, गावं बुडाली, वीज मिळाली, ऊस झाला, असा धडा. संस्कृतीने हात वर केला आणि म्हणाली, पीपल व्हेअर गो.

मी मनातल्या मनात ते मराठीत वाचलं. माणसं कुठे गेली. एकेक शब्द मराठीच्या जागेवर बसवून पोरीने प्रश्न तसाच उचलून आणला होता.

वर्ग हसला. मिस म्हणाल्या, "मीही हसले थोडी. तिला म्हटलं, प्रश्न आधी नीट बनव, मग उत्तर देईन. तिला तीनदा उभं केलं. तिसऱ्यांदा तिला डू आलं, डिड आलं नाही. मग ती खाली बसली. त्यानंतर विचारलं नाही तिने."

"व्हय?" मी म्हणालो. या वेळी तो कोणता होता, मलाही सांगता येणार नाही.

मॅडम म्हणाल्या की नियम सगळ्यांना सारखा आहे, प्रश्न बरोबर असेल तर शाळा उत्तर देतेच. मी खिशातली चिठ्ठी चाचपली, पण ती बाहेर काढली नाही. ते विचारायचं आता उरलं नव्हतं. मी उभा राहिलो. उभं राहिल्यावर मला बरं वाटतं, मागावरची सवय. व्हेअरला पहिल्या बाकावर बसवलं. गड्याला पुढे बोलावून ओझं त्याच्या डोक्यावर दिलं.

"व्हेअर डिड द पीपल गो?"

प्रश्न बिनचूक होता. मॅडमनी मिसकडे बघितलं. मिसनी मॅडमकडे बघितलं. शेवटी मॅडम म्हणाल्या, ते पुस्तकात नाही. आणि मग, जरा वेगळ्या आवाजात, "आय डोन्ट नो."

त्यातही डू होता, माझ्या लक्षात आलं. या वेळी बिचारा नकार उचलून आला होता.

डायरीतल्या त्या बारीक अक्षरातल्या ओळीबद्दल मॅडम पुढे काही बोलल्या नाहीत. फाटकापर्यंत प्रियदर्शनी मिस आमच्याबरोबर आल्या. फाटकाच्या बाहेर पाऊल टाकल्यावर म्हणाल्या, "आबा, तुमचं व्हय मला पयल्यालाच कळलं होतं."

"मंग सांगितलं का न्हाय, बाई?"

"कुणीतरी इचारावं असं वाटत होतं." त्यांनी संस्कृतीच्या डोक्यावर हात ठेवला, लगेच काढला. "उत्तर सापडलं तर मलाबी सांग गं. म्हणजे... सांगशील का?" आणि आत गेल्या.

आम्ही रस्त्याला लागलो. कारखान्यांची दुपारची शिफ्ट सुटली होती, सायकली येत होत्या. त्यातला एक जण "काय पाल्य" म्हणून गेला. संस्कृती बराच वेळ माझं बोट धरून चालत होती. दाराबाहेरच्या बाकावर तिने सगळं ऐकलं होतं. पाण्याच्या टाकीशी आलो तेव्हा तिचे ओठ हलले. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ते मिटले असते.

"आबा, तुमी तर नीट इचारलं. मंग त्यांनी उत्तर का दिलं न्हाय?"

तीन महिन्यांतला पहिला. मी तो दोन पावलं तसाच राहू दिला.

"त्यास्नी ठावं न्हाय."

"मंग कुणाला ठावं हाय?"

मी थांबलो. मागची सायकल घंटा वाजवत बाजूने गेली. कुणाला ठाऊक आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तानाबाई दारात बसून तूर निवडत होती. संस्कृतीने दप्तरही काढलं नाही, तशीच तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"आजी, धरणाचं पाणी आलं तवा माणसं कुटं गेली?"

तानाबाईचा हात सुपात थांबला. तिने आधी माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, मी काहीतरी सांगितलं असेल. मी काय सांगणार? लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली. ती पाण्याच्या काठावरून माझ्या घरी आली, सोबत एक ट्रंक आणि जात्याची वरची तळी होती. खालची कुठे आहे, एवढंही मी कधी विचारलं नव्हतं. मला डू येत नव्हतं म्हणून राहिलं असंही नाही. हे तर मराठीत विचारायचं होतं.

"कोण इचारतंय?" ती म्हणाली. "शाळा का तू?"

"मी."

"इंग्रजीत सांगाय लागंल?"

"न्हाय."

तानाबाईने सूप बाजूला सरकवलं आणि पदराला हात पुसले. "मंग बस हितं. लई येळ लागंल. एक एक घर येगळ्या वाटंनं गेलंय." संस्कृती बसली. तानाबाईने तिच्या पाठीवरचं दप्तर काढून घेतलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आन् तुमी दारात का उभं? तुमास्नी बी ऐकायचं हाय?"

"व्हय," मी म्हणालो.